नाताळची सुटी

मार्गशीर्ष सरून पौष लागू लागला, म्हणजे खानदेशात थंडी अंगात मुरू लागते. पहाटे तापीच्या पात्रावर धुके उतरते. गिरणा आणि पांझरा यांच्या काठची गव्हाची शेते दवाने ओली होतात. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या आवाराबाहेर रांगेने उभ्या राहतात. वांग्यांना गोडी येते ती याच दिवसांत. मळ्यामळ्यांतून काड्यांच्या जाळावर ती भाजली जातात आणि भरिताच्या पंगती झडतात. याच सुमारास भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एक तांबडा आकडा उगवतो : २५ डिसेंबर. त्याच्याखाली 'नाताळ' असे छापलेले असते. ज्या गावात औषधालाही एक ख्रिस्ती घर नाही, त्या गावच्या शाळेला, टपालकचेरीला आणि बँकेलाही त्या दिवशी कुलूप असते. मुले मळ्यात पळतात. सुटी कशाची, हे त्यांना विचारले तर ती 'नाताळची' म्हणून मोकळी होतात; नाताळ म्हणजे काय, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

शब्दही दूरचा आहे. 'नाताळ' हा पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला शब्द. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील जन्मवाचक शब्दात आहे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षांहून अधिक काळ होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो संपविला. सत्ता गेली, शब्द राहिला. पुढे इंग्रज आले, त्यांनी आपला 'ख्रिसमस' आणला. तरीही मराठी माणसाने नाताळ सोडला नाही. येशूचा जन्म याच तारखेला झाला असे बायबलात कोठेही लिहिलेले नाही. रोम शहरात इसवी सन ३३६ च्या सुमारास हा दिवस पाळला जात असल्याचा जुना दाखला सापडतो. तेथून तो हळूहळू जगभर गेला. जाता जाता त्याने ज्या ज्या भूमीवर पाऊल ठेवले, त्या त्या भूमीचे पाणी तो प्यायला. खानदेशात तो काय झाला, हे पाहावयाचे असेल, तर सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीत बसावे.

तापीच्या खोऱ्यातला हा लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास पुरा झाला. गुजरातची हद्द ओलांडून गाडी महाराष्ट्रात शिरते, तेव्हा पहिल्याने नवापूर लागते आणि मग चिंचपाडा. हा डोंगराळ मुलूख १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी नंदुरबार जिल्हा निराळा झाला. येथे मावची, गावित, कोकणी, भिल्ल अशा आदिवासींची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनहून आणि अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांनी या भागात शाळा काढल्या, दवाखाने उघडले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. त्या काळात काही कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज नाताळ करतात, आणि तो पाहण्यासारखा असतो.

भात कापून झालेला असतो. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून स्वच्छ केल्या जातात. बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद चिकटवून पाच टोकांची चांदणी तयार होते आणि ती उंच काठीला बांधून अंगणात उभी राहते. येशूच्या जन्माच्या वेळी आकाशात एक तेजस्वी तारा उगवला होता, अशी कथा आहे. त्याची ही खूण. दिवाळीचा आकाशकंदील बनविणारे हातच ही चांदणी बनवितात, म्हणून दोघांचा बांधा सारखा दिसला तर नवल नाही. रात्री मंडळी घरोघर गाणी म्हणत हिंडतात. सोबतीला ढोलकी असते, टाळ असतात. गाणी मराठीत असतात आणि घरच्या बोलीतही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली की साऱ्या वस्तीचे जेवण एकत्र होते. मजुरीसाठी आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत वा अन्यत्र गेलेल्यांपैकी ज्यांना जमते ते या दिवसांत घरी येतात. आईबापांवाचून महिने काढलेल्या पोरांना सणाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या लेखी बाप घरी आला तोच नाताळ.

ख्रिस्ती सण म्हणजे परदेशी सण, असे पुष्कळांना वाटते. तो अजाणतेपणाचा समज आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून नाताळच्या आधी आठ दिवस करंज्या, चकल्या, अनारसे, लाडू यांची घाई चाललेली असते. फराळाची ताटे रुमालाने झाकून शेजारी जातात. ती ताटे रिकामी परत येत नाहीत, कारण रिकामे ताट परत धाडू नये, ही रीत दोन्ही घरांची एकच. मराठी ख्रिस्ती भजनांना टाळ आणि हार्मोनियम लागतात. ख्रिस्ती कीर्तनाची वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुळविली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पण अभंग आणि ओवी यांवरचे त्यांचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही.

या टिळकांचे खानदेशाशी एक नाते आहे. जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले होते. त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हणून दाखविली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे हा मुलगा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला मुलासारखे वागविले. धर्म वेगळा म्हणून त्या घरात त्याचे पान वेगळे मांडले गेले नाही. बालकवींचा अंत १९१८ साली जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली झाला.

गाडी नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगाव करीत भुसावळला पोहोचते. भुसावळ हे खरे म्हणजे रेल्वेनेच वाढविलेले गाव. येथे लोहमार्ग आला तो १८६० नंतरच्या वर्षांत. त्याच्यामागून इंजिनांचे कारखाने आले, वसाहती आल्या, आणि त्या वसाहतींतून गोव्याचे, मद्रासकडचे आणि अँग्लो-इंडियन ख्रिस्ती नोकरदार आले. कौलारू बंगल्यांच्या ओळीत डिसेंबरात केकचा वास दरवळे. वसाहतीच्या सभागृहात वाद्ये वाजत, नाच होत. गावातली मुले कुंपणाशी उभी राहून ते बघत. १९४७ नंतर यांपैकी पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंडला आणि ऑस्ट्रेलियाला निघून गेली. बंगल्यांत आता दुसरी माणसे राहतात. चर्चमधली प्रार्थना मात्र थांबली नाही.

पण रेल्वेच्या गावाची एक गंमत आहे, आणि तिला गंमत म्हणावे की दुःख, हे ज्याने त्याने ठरवावे. कचेऱ्यांना सुटी असते, न्यायालयांना सुटी असते, आगगाडीला नसते. उलट सुटीमुळे माणसे प्रवासाला निघतात, म्हणून गाड्यांना गर्दी होते. ज्याच्या घरी नाताळ आहे असा इंजिनचालक, फायरमन किंवा सांधेवाला त्या रात्री कामावर असू शकतो. घरी मुले नवे कपडे घालून बसलेली असतात आणि बाप मनमाडच्या किंवा खांडव्याच्या वाटेवर कोळसा ओढीत असतो. कोळशाची इंजिने गेली, विजेची आली. पण रात्रपाळी गेली नाही.

इंग्रजांच्या अमदानीत ही सुटी आजच्यासारखी एका दिवसाची नसे. राज्यकर्त्यांचा तो मोठा सण. म्हणून २४ डिसेंबरच्या सुमारास न्यायालये बंद होत ती नव्या इंग्रजी वर्षातच उघडत. शाळा-कॉलेजांनाही तेवढेच दिवस मिळत. या आठवड्याचा परिणाम तालुक्याच्या गावांवरही होई. अशिलांनी गजबजलेली आवारे ओस पडत. वडाखालचे अर्ज लिहिणारे कारकून, चहावाले, टांगेवाले हात बांधून बसत. साहेबाच्या बंगल्यावर मात्र वर्दळ असे. नाताळच्या दिवशी साहेबाला 'डाली' देण्याचा प्रघात होता. डाली म्हणजे फळांची, सुक्या मेव्याची आणि मिठाईची सजविलेली टोपली. ठेकेदार, सावकार, हाताखालचे अंमलदार टोपल्या घेऊन सकाळी रांग लावीत. त्या टोपल्यांतली पपई आणि पेरू कोणाच्या मळ्यातून, किती दाम देऊन किंवा न देताच आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नसे. गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या नावाने हे चालावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

याच आठवड्याचा दुसरा उपयोग या देशातल्या लोकांनी केला, आणि तो राज्यकर्त्यांच्या कधी ध्यानीमनीही आला नसेल. त्या काळचे पुढारी बहुतेक वकील, शिक्षक आणि वर्तमानपत्रांचे संपादक असत. एरव्ही वकिलाला खटले सोडता येत नसत आणि शिक्षकाला वर्ग सोडता येत नसे. मद्रासचा माणूस आणि लाहोरचा माणूस यांना एका वेळी मोकळीक मिळावी असा वर्षातून एकच काळ होता, तो म्हणजे नाताळचा आठवडा. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, पहिल्याने भरली. ७२ प्रतिनिधी आले होते. ती पुण्यास भरावयाची होती, परंतु तेथे पटकीची साथ उद्भवल्यामुळे जागा बदलावी लागली. तारखा मात्र नाताळच्याच राहिल्या. तेव्हापासून दरसाल डिसेंबर अखेर अधिवेशन, असा पायंडा पडला. अमरावती १८९७, सुरत १९०७, नागपूर १९२० ही सारी अधिवेशने याच दिवसांतली. राजाने आपल्या देवाच्या जन्मासाठी दार बंद करावे, आणि प्रजेने त्याच वेळेत राजाकडून काय काय परत घ्यावयाचे याची यादी करावी, असे हे वर्षानुवर्षे चालले.

एकट्या काँग्रेसचेच नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली सामाजिक परिषद १८८७ सालापासून याच आठवड्यात भरू लागली. महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी दुसरी परिषद घेतली, ती २५ ते २७ डिसेंबर १९२७ या दिवसांत. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबरच्या रात्री. ज्या दिवशी जगात सर्वत्र 'पृथ्वीवर शांती' अशी गाणी म्हटली जात होती, त्याच दिवशी कोकणातल्या एका गावी माणसे पाण्याचा आणि माणुसकीचा हक्क मागत होती. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून फार दूर नाहीत.

या सुटीला एक अडचण होती, ती थंडीची. १९२९ साली लाहोरला रावीच्या काठी अधिवेशन भरले, तेव्हा अंगावर पुरेसे कपडे नसलेल्या गरीब प्रतिनिधींचे फार हाल झाले. काँग्रेस आता केवळ वकिलांची राहिली नव्हती. शेतकरी येऊ लागले होते, आणि शेतकऱ्याला नाताळच्या सुटीची गरज नव्हती, त्याला घोंगडीची गरज होती. म्हणून यापुढे अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घ्यावे असे ठरले. पुढचे अधिवेशन कराचीला १९३१ च्या मार्च महिन्यात झाले. असे असूनही १९३६ साली अधिवेशन पुन्हा डिसेंबरात आले, आणि आले ते नेमके खानदेशात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला.

त्यापूर्वी काँग्रेस खेड्यात कधी भरली नव्हती. मोठी शहरे, मोठे मंडप, विजेचे दिवे, वाहनांची सोय, हे सारे गृहीत धरलेले असे. खेड्यात अधिवेशन घ्यावे, हा गांधीजींचा आग्रह. सातपुड्याच्या पायथ्याची ती काळी, कसदार जमीन. जवळचे रेल्वेस्थानक सावदा. पिके निघालेल्या शेतांत एक नगर उभे राहिले आणि लोकमान्यांच्या नावाने त्याला 'टिळकनगर' म्हटले गेले. ते उभारण्यासाठी शांतिनिकेतनहून थोर चित्रकार नंदलाल बोस आले. त्यांना सिमेंट नको होते, रंगीत कापडाचे ठाण नको होते. बांबू, चटया, गवत, दोर अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तू आणि खेड्यातलेच कारागीर घेऊन त्यांनी द्वारे आणि मंडप उभे केले. ज्या सुताराने जन्मभर बैलगाडीची चाके जोडली, त्याला आपल्या हातच्या बांबूकामाकडे माणसे टक लावून पाहात उभी राहिलेली दिसली, तेव्हा त्याला काय वाटले असेल! मोठ्या कलावंताचा सहवास असा असतो. तो आपली कला दाखवून जात नाही, दुसऱ्याच्या हातातली जागी करून जातो.

धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी कित्येक महिने राबत होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० सालीच सोडून देशकार्यात पडलेले साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना अधिवेशनाचे बोलावणे करीत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने ज्यांनी लिहून घेतली, तेच हे गुरुजी. हजारो माणसे येणार, त्यांना पाणी कोठून द्यावयाचे, मलमूत्राची व्यवस्था कशी लावावयाची, रोगराई कशी टाळावयाची, हे प्रश्न भाषणांपेक्षा अवघड होते. स्वयंसेवकांना चर खणावे लागले, झाडू हाती घ्यावा लागला. उच्चवर्णीय घरांतल्या तरुणांनी सफाईचे काम करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गावात परतल्यावर त्यांतल्या काहींना घरच्या ओसरीवर बोलणी खावी लागली असल्यास त्यात आश्चर्य नाही.

२५ डिसेंबर १९३६, शुक्रवार. चर्चमधून प्रार्थना चाललेल्या त्या दिवशी फैजपूरला गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योग यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. चरखे, घाणे, हातकागद, मधमाश्यांच्या पेट्या अशा वस्तू एका खेड्याला नव्या नाहीत. परंतु त्या मांडून ठेवलेल्या पाहिल्या म्हणजे आपलीच वस्तू निराळी दिसू लागते. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली. मोटार मिळत नव्हती म्हणून नव्हे. बैल हाच या भूमीचा मानकरी, म्हणून. २७ आणि २८ तारखांना अधिवेशन झाले. माणसे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोटली. बैलगाड्या रात्रंदिवस येतच होत्या. शिदोरीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून, मुलांना घोंगडीत गुंडाळून घरेच्या घरे आली होती. शेतसारा आणि खंड कमी व्हावा, कर्जाचा भार हलका व्हावा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, असा शेतकऱ्यांविषयीचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. खेड्यात भरलेल्या सभेने खेड्याचे दुखणे बोलून दाखविले. सगळे ठराव पुढे अमलात आले असे नाही. परंतु ते मांडले जात असताना समोर बसलेल्यांत ज्यांच्या पायांना मातीचे ढेकूळ लागलेले होते, अशांचीच संख्या मोठी होती.

मग नगर उतरले. बांबू सोडविले गेले, चटया गुंडाळल्या गेल्या, चर बुजविले गेले. काळ्या जमिनीत खांबांचे खळगे काही दिवस राहिले असतील. नांगर फिरला आणि तेही गेले. नव्या वर्षात न्यायालये उघडली. वकील आपापल्या गावी परतले आणि फेब्रुवारीतल्या निवडणुकांच्या तयारीला लागले. फैजपूरला आज धनाजी नानांच्या नावाचे महाविद्यालय आहे; आसपास केळीच्या बागा आहेत.

त्या आठवड्यात सावद्याला उतरलेल्या आणि सावद्याहून परतलेल्या हजारो माणसांना आगगाड्यांनी वाहून नेले होते. भुसावळ हे त्या मार्गावरचे मोठे ठाणे; गाड्यांची इंजिने तेथून निघत, चालक तेथल्याच वसाहतींतले असत. त्यांत ख्रिस्तीही होते. सण त्यांचा, सुटी मात्र इतरांची झाली होती. २८ तारखेच्या रात्री प्रतिनिधींनी खचाखच भरलेल्या एखाद्या गाडीच्या इंजिनावर असा एखादा चालक उभा असेल. डब्यांतून घोषणा उठत असतील, भट्टीच्या उजेडात फायरमन फावड्याने कोळसा ओढीत असेल. भुसावळ जवळ येताच त्याने शिटी दिली असेल. त्या शिटीच्या ओळखीने वसाहतीतल्या एका घरात दिवा मोठा झाला असेल आणि तीन दिवस झाकून ठेवलेले फराळाचे ताट खाली काढले गेले असेल.